वैशाख पौर्णिमेचा फ्रॉस्ट

वैशाखात गारठ्यानं रोपं मरतात, असं मी पुण्याला फोनवर सांगितलं की माझी बहीण हसते. तिच्याकडे तेव्हा वैशाख वणवा पेटलेला असतो, माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं, आणि मी इकडे पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजमध्ये झेंडूला पांघरूण घालायच्या गोष्टी करत असते. "तुझं आपलं काहीतरीच," ती म्हणते. माझं कसलं, या दरीचं आहे ते. या दरीच्या लहरीप्रमाणे मी निम्मं आयुष्य धावपळ केली आणि वर त्याचा पगारही घेतला.

गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी एक जुनी नर्सरी आहे. रोपांची नर्सरी, मुलांची नव्हे. हा खुलासा मला इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येक नव्या कुटुंबाकडे करावा लागायचा. नवरा विद्यापीठात शिकवायला लागला तेव्हा मी हात रिकामे नकोत म्हणून तिथे गेले आणि तिथलीच झाले. "बॉटनीत एम.एस्सी. करून कुंड्या उचलतेस?" असं विचारणारेही भेटले. मी म्हणायचे, "हो, आणि तुमच्याकडे रात्री किती टेम्परेचर जाणार आहे तेही सांगते." मग तेच लोक मे महिन्यात माझ्या फोनची वाट बघायचे.

काम सांगायला सोपं आहे. एका उन्हाळ्यापुरती जगणारी फुलझाडं आम्ही ग्रीनहाउसमध्ये वाढवायचो: झेंडू, झिनिया, सदाफुली, तेरडा. ही सगळी मूळची उबदार मुलखातली मंडळी. त्यांच्या अंगात पाणी भरलेलं असतं आणि एका रात्रीसाठी ते गोठलं तरी पेशी फुटतात. सकाळी पान हिरवंच दिसतं, जरा काळपट. ऊन आलं की ते शिजवलेल्या पालकासारखं होऊन खाली लोळतं. गिऱ्हाईक मग ते ट्रे आमच्याकडे परत आणायचं आणि म्हणायचं, "तुमची रोपं रोगट होती." मी मान डोलवायचे. ज्याची बाग नुकतीच गेली आहे त्याच्याशी वाद घालू नये, हे मी फार लवकर शिकले.

इथे मदर्स डे मेच्या दुसऱ्या रविवारी येतो. त्या दिवशी सगळं गाव आमच्याकडे लोटायचं, कारण झाडांवर पालवी असते, लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरत असतात आणि हिवाळा संपला यावर सगळ्यांचा विश्वास बसलेला असतो. फक्त आमचा बसलेला नसायचा. प्रत्येकाला एक पक्की तारीख हवी असायची. विद्यापीठातल्या एका संशोधकानं तर लॅपटॉप उघडून मला मागच्या कित्येक वर्षांच्या तापमानाचे आलेख दाखवले आणि विचारलं, "सो, व्हॉट्स द सेफ डेट?" मी त्याला बाहेरच्या वाफ्याजवळ नेलं आणि मातीत बोटं खुपसायला सांगितली. त्यानं खुपसली आणि पटकन बाहेर काढली. "कोल्ड!" म्हणाला. मी म्हटलं, "सदाफुलीचे पाय यातच राहणार आहेत." तो हसला, पॅन्सीचे दोन ट्रे घेऊन गेला, कारण पॅन्सी थंडीला भीक घालत नाही, आणि पुढे कायमचं गिऱ्हाईक झाला. त्याचे आलेखही चांगलेच होते. पण आलेख गावभराचे असतात आणि प्रत्येकाच्या अंगणाची थंडी निराळी असते.

नर्सरीचे मालक वॉल्टर हे तिथल्याच शेतकरी घराण्यातले. त्यांचं एकच म्हणणं: मेची पौर्णिमा गेल्याशिवाय नाजूक रोप जमिनीत लावायचं नाही. पहिल्या वर्षी मी मनातल्या मनात हसले होते. मग एकेक मे बघत गेले आणि हसणं बंद झालं. चंद्राचा तसा काही संबंध नाही. पण जमीन दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब वर सोडते. आकाशात ढग असले तर ती त्यांच्याखाली अडकून राहते. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर ती सरळ वर निघून जाते. ज्या रात्री चंद्र टिपूर दिसतो ती रात्र निरभ्रच असते. चंद्र बिचारा नुसता साक्षीदार, पण लोकांच्या लक्षात तोच राहतो. आपल्या अंगणातल्या मातीची ऊब अशी चांदण्यांच्या दिशेनं निघून जाते, हे पुस्तकात मी विद्यार्थिनी असताना वाचलं होतं आणि परीक्षेत लिहूनही आले होते. पण ते खरंच घडतं, हे कळायला मला इथे यावं लागलं. अजूनही त्याचा विचार केला की अंगावर शहारा येतो.

आणि थंड हवा पाण्यासारखी वाहते. उतारावरून घरंगळत खाली येते आणि खोलगट जागी साचते. एकदा सकाळी मी गाडीनं कामाला जात असताना डोंगराच्या उतारावर एक रेघ पाहिली. वर हिरवं गवत, खाली पांढरंफेक, आणि मध्ये कोणीतरी पट्टी लावून आखल्यासारखी सरळ सीमा. मी गाडी कडेला लावून नुसती बघत राहिले. कामावर उशिरा पोहोचले. वॉल्टरना कारण सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, मलाही दाखवायचं ना!"

दुसरी एक सकाळ तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मदर्स डेसाठी फुललेल्या रोपांच्या गाड्याच्या गाड्या बाहेर काढलेल्या होत्या, आत तसूभर जागा नव्हती आणि अचानक पारा उतरला. वॉल्टरनी पाण्याचे फवारे सुरू करून ठेवले. मी उजाडता पोहोचले तेव्हा सगळं बर्फात होतं. प्रत्येक पाकळी, प्रत्येक देठ काचेत घातल्यासारखा, आणि त्यावर पाणी पडतच होतं. मी कपाळाला हात लावला. वॉल्टर म्हणाले, "बंद करू नकोस. वितळेपर्यंत चालू ठेवायचं." पाणी गोठताना थोडीशी ऊब सोडतं आणि नवीन पाणी गोठत राहिलं तर आतलं रोप त्या उबेवर तग धरतं. ऊन वर आलं, बर्फ ठिबकू लागला आणि आतून लाल पेटुनिया जशाच्या तशा बाहेर आल्या. बर्फानं थंडीपासून वाचवलं. मी शास्त्र शिकलेली बाई, पण त्या क्षणी हात जोडले.

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याकडे येते. माझ्या नोकरीच्या शेवटच्या मोसमातली गोष्ट आहे.

आमच्या गावात मधूकाका म्हणून एक डॉक्टर आहेत. इथे आलेल्या पहिल्या मराठी कुटुंबांपैकी एक, हृदयरोगतज्ज्ञ, गावातल्या निम्म्या लोकांच्या छातीवर त्यांचा स्टेथोस्कोप टेकलेला आहे. त्यांची बायको उषाकाकू. काकूंच्या अंगणात दर वर्षी झेंडू फुलायचा, आणि तो आमच्या नर्सरीतला नसायचा. आमचा झेंडू बुटका, भरगच्च, दिसायला देखणा आणि वासाच्या नावानं बोंब. काकूंचा झेंडू उंच, मोकळा, तापलेल्या नारिंगी रंगाचा आणि चुरडला की हाताला दिवसभर वास. कराडजवळच्या त्यांच्या माहेरच्या मळ्यातलं बी होतं ते. लग्नानंतर इथे येताना आणलेलं, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला थोडी फुलं झाडावरच वाळू देऊन पुन्हा धरलेलं. फोटोच्या रोलची काळी प्लॅस्टिकची डबी असायची ना, त्यात त्या ते ठेवायच्या. मंडळाच्या दसऱ्याची तोरणं त्यांच्याच झेंडूची असायची. मी कित्येकदा बी मागितलं. "देईन ग, यंदा थोडंच धरलंय," असं म्हणायच्या. बियांच्या बाबतीत काकू कंजूष होत्या, हे त्यांच्यामागे प्रेमानंच सांगते.

आदल्या वर्षी दसरा झाला आणि थोड्याच दिवसांत काकू गेल्या.

मे महिन्यातल्या एका सकाळी काका नर्सरीत आले. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, आकाश धुतल्यासारखं निळं होतं आणि उत्तरेचा वारा दुपारपर्यंत पडणार असं दिसत होतं. पौर्णिमा तोंडावर होती. आम्ही सगळे ट्रे आत ओढण्याच्या घाईत होतो.

"सुनीता, झेंडूला कुठलं खत घालू? काकूचा झेंडू लावलाय मी," काका म्हणाले. त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळलेला दिसत होता.

"लावलाय म्हणजे? जमिनीत?"

"हो तर! पाडव्याला बेसमेंटमध्ये लाइटखाली बी पेरलं आणि अक्षय्य तृतीयेला बाहेर. उषा करायची अगदी तसंच. दर वर्षी तृतीयेला ती ट्रे बाहेर काढायची, हळदकुंकू वाहायची, मग मी हॉस्पिटलला जायचो. आय रिमेंबर इट परफेक्टली."

"काका, थोडं बी मागे ठेवलंय ना?"

"नाही ग. डबी पूर्ण रिकामी केली. म्हटलं, काही राहायला नको."

त्या एका डबीबाहेर तो झेंडू अमेरिकेत कुठेच नव्हता. कराडचा मळा विकून तिथे कधीच घरं उभी राहिली होती. आणि काकांचं घर गावातल्या सर्वांत खोलगट गल्लीच्या टोकाला, ओढ्याकाठी. डोंगरावरची सगळी थंडी रात्री तिथेच मुक्कामाला यायची.

आज रात्री पारा गोठणबिंदूखाली जाणार, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी आकाशाकडे बघितलं. मग एखाद्या पेशंटच्या नातेवाइकानं विचारावं तसं त्यांनीच मला विचारलं, "काही करता येईल?"

मी वॉल्टरना इंग्रजीत सगळं सांगितलं. आमची पांघरुणं आमच्याच रोपांना पुरत नव्हती, ती देता येण्यासारखी नव्हती. पण ते म्हणाले, "तू जा. ऊन आहे तोवर झाकलं पाहिजे. इथलं मी बघतो."

ऊन आहे तोवर, हे महत्त्वाचं. लोक अंधार पडल्यावर चादरी घेऊन धावतात, तेव्हा जमिनीतली ऊब निघून गेलेली असते. पांघरूण रोपाला ऊब देत नाही. जमिनीची ऊब ते फक्त धरून ठेवतं. म्हणून कापड जमिनीपर्यंत टेकलं पाहिजे, आणि त्याचा भार रोपावर पडता कामा नये.

मी पोहोचले तेव्हा काकांनी स्वयंपाकघरातला फोन स्पीकरवर टाकला होता आणि ते कपाटं उपसत होते. फोनवर त्यांची मुलगी केतकी होती, सांता क्लाराला असते ती.

"बाबा, यू आर सेव्हंटी-नाइन. तू वाकून वाकून हे सगळं करणार? दे आर जस्ट मॅरिगोल्ड्स. सुनीतामावशीकडून नवीन घे ना."

"ही आईची आहेत," काका म्हणाले.

मग केतकी म्हणाली, "ओके. मावशी आहे का तिथे? मावशी, प्लीज, त्याला जास्त वाकू देऊ नकोस."

अंगण बघून मला काकांचं कौतुकच वाटलं. सर्जनला लाजवतील अशा सरळ ओळी. रोपं वीतभर झाली होती, तुकतुकीत, खोडाला जांभळी झाक. त्यांना काहीच कल्पना नव्हती. आम्ही टोमॅटोच्या काठ्या ओळींच्या कडेनं रोवल्या आणि चादरी टाकायला लागलो. इथल्या चादरींना चारी बाजूंनी इलॅस्टिक, त्या ताणल्या की टुणकन परत येतात. रजया इतक्या जड की रोपं चेपली असती. टॉवेल संपले, टेबलक्लॉथ संपले, गणपतीच्या चौरंगावर घालायचा कपडाही संपला. निम्मं अंगण उघडंच होतं आणि सावल्या लांबायला लागल्या होत्या.

काका घरात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी आत गेले. ते काकूंच्या कपाटासमोर उभे होते. काकू गेल्यापासून ते उघडलंच नव्हतं, हे मला केतकीकडून माहीत होतं.

"सुती कोणत्या, मला कळत नाही," ते म्हणाले. "तू काढ."

मी काढल्या. इरकली, नारायणपेठी, वापरून मऊ झालेल्या व्हॉइलच्या. घड्यांमधून काकूंचा वास आला आणि माझे हातच थांबले. "काका, माती लागेल याला."

"लागू दे."

मग आम्ही दोघांनी त्या साड्या दोन टोकांना धरून, झटकून, काठ्यांवर अंथरल्या. काठांवर ओढ्यातले दगड ठेवत गेलो. शेजारची बाई कुंपणापलीकडून बघत होती. तिनं काही विचारलं नाही, आपल्या घरातून दोन चादरी आणून दिल्या आणि गेली.

काम करता करता मी म्हणाले, कारण कधीतरी म्हणायलाच हवं होतं, "काका, काकू तृतीयेला ट्रे बाहेर काढायच्या ते फक्त हवेची सवय व्हावी म्हणून. संध्याकाळी पुन्हा बेसमेंटमध्ये नेऊन ठेवायच्या. मला फोन करायच्या ना नर्सरीत, आज किती खाली जाणार म्हणून."

काका दगड हातात घेऊन तसेच उभे राहिले. "रोज?"

"रोज. पौर्णिमा होऊन जाईपर्यंत. जमिनीत त्यानंतर लावायच्या."

"इतके ट्रे? तो जिना उतरून?" ते म्हणाले. "मी घरी यायचो तेव्हा तर ती स्वयंपाक करत असायची. पुढे रिटायर झालो तर संध्याकाळी वॉकला जायचो. मला वाटायचं, लावून झाले." मग दगड काठावर ठेवत म्हणाले, "तिचे गुडघे दुखायचे ग मे महिन्यात. मी गोळ्या द्यायचो."

मी पुढची साडी झटकली.

सगळ्यात लांब वाफा कुंपणालगतचा होता आणि त्याला एकही साडी पुरेना. काका पुन्हा आत गेले आणि कपाटाच्या तळाचं एक लुगडं घेऊन आले. नऊवारी, मळखाऊ हिरवं, काकूंच्या आईचं. ते टोकापासून टोकापर्यंत बरोबर पुरलं. शेवटचा दगड ठेवला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. संपूर्ण अंगणभर काठापदराच्या साड्या पसरलेल्या होत्या. मी घरी गेले, कारण त्यानंतर माणसाच्या हातात काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी गाडीची काच खरवडून निघाले. पौर्णिमेचा चंद्र मावळतीला होता आणि सगळी दरी पांढरी झाली होती. छपरं, गवत, कुंपणांच्या तारा. काकांच्या गल्लीत उतरले तर श्वासाची वाफ दिसत होती. आणि त्या साड्या! कडक झाल्या होत्या, प्रत्येक सुरकुती जिथल्या तिथे गोठलेली. नारायणपेठीच्या काठावर हिमाचे इतके बारीक काटे उभे राहिले होते की कोणी रात्रभर बसून भरतकाम केलं असावं असं वाटलं. जे मारायला आलं होतं तेच इतकं सुंदर होतं. मला भीती वाटत होती आणि तरी नजर हटत नव्हती.

काका ओव्हरकोट घालून अंगणात उभे होते, हातात चहाचा कप, तो पार गार झालेला.

"मी हात लावलेला नाही," ते म्हणाले. "तू म्हणाली होतीस, ऊन येईपर्यंत काढायचं नाही."

आम्ही ऊन यायची वाट पाहत उभे राहिलो. ते पूर्वेच्या डोंगरावरून हळूहळू उतरलं, साड्या ओल्या होऊन लवचिक झाल्या, रंग परत आले. मी पहिल्या ओळीवरची इरकल उचलली. खाली झेंडू उभा होता. काल होता तसाच, पानं पसरलेली, टवटवीत. चार बोटं पलीकडचं गवत रात्रभर पांढरं गोठलेलं होतं आणि इथे एक पानही काळवंडलं नव्हतं. एका जुन्या साडीनं रात्रभर एवढं आकाश अडवून धरलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सगळंच वाचलं असं नाही. घरामागची एक ओळ काकांनी मी यायच्या आधीच मंडळाच्या पंगतीला वापरतात त्या प्लॅस्टिकनं झाकली होती आणि मला सांगायचं राहून गेलं होतं. प्लॅस्टिक पानांना चिकटलं होतं आणि थंडी त्यातून सरळ पानांत उतरली होती. ती ओळ गेली, शिजल्यासारखी. काका तिच्याजवळ थोडा वेळ थांबले, मान हलवली आणि पुढे आले.

एकेक साडी मी काढत गेले आणि दोरीवर टाकत गेले. शेवटी कुंपणालगतचा वाफा राहिला. काका एका हातानं कुंपण धरून, गुडघा टेकवून खाली बसले. मी केतकीचं सांगणं आठवून धावले, पण तोवर त्यांनी लुगड्याच्या काठाखालून हात आत घातला होता, मनगटापर्यंत. ताप बघताना ठेवतात तसा तळवा मातीवर ठेवून ते बसून राहिले. मला वाटलं, रोपं चाचपताहेत.

"काका, ऊन आलंय. काढूया आता हे," मी म्हटलं आणि टोकाचा दगड उचलला.

"थांब ग जरा," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ऊब आहे आत."

मी दगड पुन्हा काठावर ठेवला.